तीच आणि तशीच

मराठी भाषेत 'तीच' आणि 'तशीच' असे दोन शब्द आहेत. कानाला त्यांच्यातील अंतर एका अक्षराचे वाटते. विचार करू लागले असता ते फार मोठे ठरते. हरवलेली छत्री परत मिळाली म्हणजे आपण 'तीच ही' असे म्हणतो. ती न मिळता बाजारातून दुसरी आणावी लागली, तर 'अगदी तशीच मिळाली' असे म्हणतो. पहिल्या उद्गारात सुटकेचा श्वास असतो. दुसऱ्यात समाधानाबरोबर एक बारीकशी खंतही असते. छत्रीने पाऊस अडवावा एवढेच तिचे काम असेल, तर ही खंत कशाची? पाऊस तर दोन्ही छत्र्या सारखाच अडवतात. मग मनुष्याचे मन 'तशीच'वर पूर्ण संतुष्ट का होत नाही, आणि न होणे हा त्याचा गुण म्हणावा की दोष, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

आपल्या शास्त्रकारांनी 'तोच हा' ह्या ज्ञानाला 'प्रत्यभिज्ञा' असे नाव दिले. देवदत्ताचे उदाहरण शास्त्रग्रंथांत वारंवार येते. पूर्वी एका गावी पाहिलेला देवदत्त आज दुसऱ्या गावी भेटतो. स्थळ बदलले, काळ बदलला, वयही वाढले, तरी आपण 'तोच हा देवदत्त' असे निःशंकपणे म्हणतो. न्यायदर्शनाने शब्दाच्या अर्थाचा विचार करताना व्यक्ती, आकृती आणि जाती असे तीन घटक मानले. 'गाय' म्हटले की समोर उभी असलेली एक गाय, गाईचा आकार आणि सर्व गाईंत असणारे गोत्व, असे तिन्ही त्या एका शब्दात येतात. उलटपक्षी बौद्ध विचारवंतांनी ह्या 'तोच'पणावरच शंका घेतली. मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रथाचा प्रश्न आहे. चाके म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. मग रथ कोठे आहे? त्याच संवादात रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचाही दृष्टांत येतो. पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एकच नव्हे. तथापि दिवा रात्रभर एकच तेवत होता, हेही खोटे नव्हे.

हा सर्व विचार ज्ञानाच्या अंगाने झाला. आम्हांस येथे जो प्रश्न विचारायचा आहे, तो नीतीच्या अंगाचा आहे. प्रिय वस्तू झिजली, तिच्या जागी दुसरी आणली, तर त्यात काही अनुचित घडते काय? आणि न आणता जुनीलाच कवटाळून बसलो, तर ते तरी उचित काय?

ह्या प्रश्नाकडे आमचे लक्ष वेधले ते एका टोपीमुळे. आमचे घराणे सहा पिढ्या इंदुरात आहे. १९८८ साली वडिलांच्या साठीशांतीच्या निमित्ताने राजवाड्यामागील एका गल्लीत आम्ही काळ्या टोप्या घेण्यास गेलो होतो. एक वडिलांसाठी, एक काकांसाठी आणि एक आमच्यासाठी. वडिलांना आपली नेहमीची दुकानातली टोपी नुसती उचलून न्यायची होती. परंतु दुकानदार तयार होईनात. "काकासाहेब, डोकं मोजल्याशिवाय टोपी द्यायची नाही, असं आमच्या वडिलांनी सांगून ठेवलंय," असे म्हणून त्यांनी फीत काढली. आमचे माप बावीस इंच निघाले. एवढ्यावर न थांबता त्यांनी तळहाताने डोके चाचपून पाहिले आणि डावी बाजू किंचित उंच आहे असे सांगितले. मग टोपीच्या आतील कातडी पट्टीखाली एका बाजूस कागदाची बारीक घडी सारली. पंचेचाळीस रुपये घेतले. ती टोपी आम्ही सदतीस वर्षे वापरली. मुलाच्या मुंजीत, कन्येच्या विवाहात, मंडळाच्या शारदोत्सवात आणि माळव्यातील थंडीच्या सकाळी फिरावयास जाताना तीच आमच्या डोक्यावर असे. कागदाची ती घडी शेवटपर्यंत जागची हलली नाही.

पुढे टोपीला कसर लागली. माथ्यावर दोन भोके पडली, अस्तर विरले. रफूगराने हातात घेऊन उजेडात धरली आणि कापड आता टाका धरणार नाही असे स्पष्ट सांगितले. ज्या दुकानातून ती घेतली होती, ते केव्हाच बंद झाले आहे. त्या जागी आता मोबाइलची कव्हरे मिळतात. आणखी दोन-तीन ठिकाणी हिंडून आलो. अखेर सूनबाई म्हणाल्या, "बाबा, उन्हात दुकानं धुंडाळण्यापेक्षा ऑनलाइन बघू या का?" आणि त्यांनी संगणक आमच्यापुढे ठेवला.

'काळी टोपी' असे शब्द टाकताच शेकडो टोप्या पडद्यावर अवतरल्या. बहुतेक क्रिकेटच्या, काही कानटोप्या, काही चित्रपटांतील नटांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या. आम्हांस हवी होती तशी टोपी बरीच खाली सापडली. पण ती कोणत्या सदरात, तर 'वेशभूषा' ह्या सदरात. चित्रात सात-आठ वर्षांचा मुलगा, ओठांवर चिकटवलेली मिशी आणि डोक्यावर आमची टोपी. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी उपयुक्त, असे खाली लिहिले होते. एका ग्राहकाचा अभिप्रायही होता. त्याचा आशय असा की एका दिवसाच्या कार्यक्रमापुरती वस्तू ठीक आहे. माप विचाराल, तर सर्व डोक्यांना एकच.

त्या सदराच्या नावाने आम्हांस थोडा वेळ अंतर्मुख केले, हे नमूद केले पाहिजे. आमच्या वडिलांचा रोजचा पोशाख एका पिढीत सोंगाच्या सामानात जमा झाला होता. तो कोणी मुद्दाम केला नव्हता, कोणी अपमानही केला नव्हता. रोज घालणारे कमी झाले, वर्षातून एकदा घालणारे उरले, आणि बाजाराने प्रामाणिकपणे त्याची नोंद घेतली.

कायद्याच्या बाजूने पाहता, अशा खरेदीत ग्राहकास आता बरेच संरक्षण आहे. २०२० च्या ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याची माहिती आणि माल कोणत्या देशातला हे सांगावे लागते. विक्रेत्याने स्वतःच ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे. अशा अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये एक मानकही तयार केले. 'केवळ २ शिल्लक, त्वरा करा' अशी खोटी घाई निर्माण करणे हाही फसवणुकीचाच प्रकार आहे, असे २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरविले. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस ह्या तरतुदींचे मोल कळते. कायदा ग्राहकाला सांगू शकतो की मागितली 'तशीच' वस्तू मिळाली पाहिजे. 'तीच' मिळावी, हे मात्र कोणत्याही नियमाच्या कक्षेत येत नाही.

अखेर इंचांत माप देणारा एक लहान विक्रेता सापडला. पाच दिवसांत टोपी घरी आली. रंग पक्का, शिवण सरळ, माप बरोबर. तिच्याविरुद्ध तक्रार करावी असे काहीही नव्हते, आणि तरीही सकाळी हात जुन्या टोपीच्या खुंटीकडे जाई. सर्व गुणांनी समान असलेली वस्तू समोर असताना मन दुसरीच मागते, तेव्हा मनाला हवे आहे ते गुणांच्या यादीत नसते, एवढे तरी निश्चित होते.

आमचे एक स्नेही लेखापरीक्षण विभागातून निवृत्त झाले आहेत. त्यांचे मत असे की वस्तू ती वस्तू; तिच्यात जीव गुंतवणे म्हणजे अज्ञान. जीर्ण वस्त्र टाकून नवे घ्यावे, हे सांगताना गीतेने ते इतके स्वाभाविक मानले की देह सोडण्याला त्याची उपमा दिली. मग देहाविषयी जे शोभत नाही, ते टोपीविषयी कसे शोभेल? हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

उत्तर आमच्या मते असे. अपरिग्रह म्हणजे संचय न करणे. ज्याने एक टोपी सदतीस वर्षे वापरली, तो अपरिग्रहाच्या अधिक जवळ आहे, की जो दरवर्षी नवी घेतो आणि जुनी विसरतो तो? दुसऱ्याला वस्तूचा मोह नाही असे वरवर दिसते; वास्तविक त्याला नवेपणाचा मोह आहे, आणि तो मोह जुन्या मोहाहून अधिक खर्चिक आहे. त्याग आणि फेकून देणे ह्या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसतात. त्याग करणारा वस्तूचे मोल ओळखून ती सोडतो. फेकून देणाऱ्याने ते मोल कधी पाहिलेलेच नसते. तेव्हा वस्तूवर जीव असणे हा वैराग्याचा शत्रू नव्हे. ज्याचा कशावरही जीव नाही, त्याच्यापाशी सोडण्यासारखेही काही नसते.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. ज्याने सरकारी नोकरी केली आहे, त्याला 'बदली' ह्या शब्दाचा अर्थ शब्दकोशाबाहेर शिकावा लागतो. कचेरीत प्रत्येक खुर्ची, कपाट, घड्याळ डेड स्टॉक रजिस्टरात नोंदलेले असते. वस्तू निकामी झाली की समिती पाहणी करते, ती नोंदीतून कमी होते, लिलाव होतो, नवी येते. त्या रजिस्टरात जिव्हाळ्याचा रकाना नसतो, आणि नसणेच योग्य आहे. अधिकाऱ्याचेही तेच. एकाने कार्यभार सोपवावा, दुसऱ्याने स्वीकारावा, दोघांनी सही करावी. दुसऱ्या दिवशी त्याच टेबलावर त्याच फायली चालू. ज्या दिवशी आम्ही निवृत्त झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या खुर्चीत दुसरे गृहस्थ बसले, आणि कोणा अर्जदाराचे काम त्यामुळे अडले नाही.

ह्यात काही लोकांना निष्ठुरता दिसते. आम्हांस त्यात न्याय दिसतो. खुर्चीत कोणीही असो, नागरिकाला निकाल तोच मिळाला पाहिजे, हे राज्यव्यवहाराचे मूळ तत्त्व आहे. जो अधिकारी 'माझ्यावाचून हे खाते चालणार नाही' असे म्हणतो, त्याने एक तर काम नीट लावून दिलेले नसते किंवा त्याला पदाचा लोभ सुटलेला नसतो. तेव्हा सार्वजनिक जीवनात कोणाचीही जागा दुसऱ्याला घेता येणे हा सद्गुण आहे. पदाने 'तसाच' माणूस मागावा. 'तोच' मागू नये.

घरात मात्र हा नियम उलटा होतो. आईच्या जागी तशीच दुसरी स्त्री, मित्राच्या जागी तितकाच हुशार आणि तितकाच विनोदी दुसरा गृहस्थ, ही कल्पनाही सहन होत नाही. आपले प्रेम आईच्या गुणांवर असते, तर अधिक गुणी आई मिळताच ते तिच्याकडे वळावयास हवे होते. तसे होत नाही, कारण प्रेम गुणांतून सुरू झाले तरी पुढे ते एकत्र काढलेल्या काळावर उभे राहते. गुणांची नक्कल करता येते. घडून गेलेल्या काळाची करता येत नाही. टोपीतील कागदाची घडी कोणीही पुन्हा घालून देईल. परंतु ती घालताना शेजारी उभे राहून आमची थट्टा करणारे काका आता आणता येत नाहीत.

अशा प्रकारे दोन न्याय सिद्ध होतात: एक कचेरीचा, एक घराचा. दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. अनर्थ होतो तो त्यांची अदलाबदल केल्याने. कचेरीत घरचा न्याय आणला की वशिला आणि नातेवाईकशाही येते. तिचे दुष्परिणाम आपण पाहतो. घरात कचेरीचा न्याय आणला की काय होते, इकडे मात्र तितके लक्ष जात नाही. आजच्या बाजाराचे वैशिष्ट्य असे की तो प्रत्येक वस्तूला एक पद बनवतो. ही नको, तर तशाच आणखी चाळीस खाली आहेत. बोटाने सरकवत जा. वस्तूंपुरते हे असते तर फारसे बिघडले नसते. परंतु सवय वस्तूंवरून माणसांवर सरकते. शिंपी, न्हावी, स्वयंपाकाच्या बाई, मुलांचे शिक्षक, सारेच 'हे नाहीत तर तसेच दुसरे' अशा दृष्टीने दिसू लागतात. आणि एके दिवशी घरातील वृद्ध माणसांविषयीही, त्यांची देखभाल कोणी का करीना, देखभाल झाली म्हणजे पुरे, असे वाटू लागते. वस्तूवरील निष्ठा ही स्वतः फार मोठी निष्ठा नव्हे, हे आम्ही मान्य करतो. ती मोठ्या निष्ठेची तालीम आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर विचार एकांगी होईल. जुन्या दुकानदारांना आम्ही पाहिले होते, म्हणून त्यांच्याविषयी आदर वाटतो. नवी टोपी शिवणाऱ्याला आम्ही पाहिलेले नाही. पण न दिसणारा माणूस म्हणजे नसलेला माणूस नव्हे. कोठल्या तरी गावी, कोठल्या तरी गल्लीत कोणीतरी बसून ती सरळ शिवण घातली आहे. त्याच्याही वडिलांनी त्याला काही सांगून ठेवले असेल. जुन्याच्या प्रेमापोटी नव्याला सावत्रपणाने वागविणे हा अन्याय आहे. कारण नव्या वस्तूचा दोष इतकाच की तिला अजून इतिहास नाही, आणि तो तिच्या हातचा नव्हे. तो आपण वापरूनच घडवायचा असतो.

शिवाय ज्या टोपीला आम्ही मूळ समजत आलो, ती तरी मूळ कोठे होती? एके काळी आपल्या पूर्वजांनी समुद्रावरून आलेल्या युरोपीय लोकांना 'टोपीकर' म्हटले. टोपी ही परक्याची खूण होती. आपली खूण पगडी आणि पागोटे. लोकमान्यांचे छायाचित्र पगडीशिवाय आपल्या डोळ्यांपुढे येत नाही, महात्मा फुल्यांचे पागोट्याशिवाय. पुढे पगडी मागे पडली. १९२० च्या असहकारितेच्या चळवळीबरोबर पांढरी खादीची टोपी देशभर पसरली, मध्यमवर्गीय मराठी घरांत काळी टोपी रुळली, आणि नंतर डोकी उघडीच राहू लागली. कोणत्याही जुन्या मराठी घरातील छायाचित्रे क्रमाने लावली, तर पणजोबा पगडीत, आजोबा टोपीत आणि वडील पुष्कळदा उघड्या डोक्याने, असा क्रम लागतो. ज्या दिवशी घरातील पहिली टोपी खुंटीवर लागली असेल, त्या दिवशी कोण्या वृद्धाने पगडी गेल्याचे दुःख नक्की केले असेल. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. आज ती मुख्यतः सत्कारसमारंभांत दिसते. थोडक्यात, आज जिला आपण 'तीच' म्हणतो, तीही कधीतरी कशाच्या तरी जागी आलेली 'दुसरी' होती.

इंदूरकरांना ह्याचे एक उदाहरण घरचेच आहे. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची दोन प्रसिद्ध चित्रे बर्नार बूते द मोंवेल ह्या फ्रेंच चित्रकाराने काढली. १९२९ च्या चित्रात महाराज युरोपीय सायंपोशाखात, उघड्या मस्तकाने उभे आहेत. काही वर्षांनंतरच्या चित्रात ते मराठी दरबारी वेशात, डोक्यावर पगडी घालून गादीवर बसले आहेत. चित्रकार तोच, महाराज तेच. दोन्ही पोशाख त्यांना शोभतात. कारण दोन्ही ते खरोखर वापरीत होते. कोणता खरा आणि कोणता सोंगाचा, हे केवळ कापडावरून ठरत नाही. वापरणारा त्या कपड्यात राहतो की केवळ चित्रापुरता उभा राहतो, यावर ते ठरते.

आणि राजवाड्याचे काय? मंदसौरच्या १८१८ च्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाली, तेव्हापासून हा सात मजली वाडा शहराच्या मध्यभागी उभा आहे: खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. त्याला एकाहून अधिक वेळा आग लागली. १९८४ च्या आगीत मागील बाजूचे फार नुकसान झाले, आणि २००७ च्या सुमारास तो भाग जुन्याच शैलीत पुन्हा बांधण्यात आला. ग्रीक लोकांत थीसियसच्या जहाजाचा प्रश्न प्रसिद्ध आहे. एकेक फळी बदलत सर्व फळ्या बदलल्या, तर जहाज तेच राहिले काय? प्लुटार्कने नोंदवून ठेवलेल्या त्या प्रश्नासाठी आम्हांस ग्रीसला जावे लागत नाही. राजवाड्यापुढच्या चौकात उभे राहिले की पुरे. मागचे लाकूड नवे आहे हे सर्वांना माहीत आहे. तरी रिक्षावाल्याला कोणी 'राजवाड्यासारख्या वाड्याकडे घे' असे सांगत नाही. तो राजवाडाच आहे, कारण जागा सुटली नाही, हेतू बदलला नाही, आणि शहराने त्याला राजवाडा म्हणणे एक दिवसही थांबवले नाही.

आम्हांस वाटते, नागसेनाच्या दिव्याचेही मर्म हेच असावे. ज्योत क्षणोक्षणी वेगळी. परंतु एका ज्योतीने दुसरीला पेटवले, मध्ये अंधार पडू दिला नाही, म्हणून दिवा एक. दिवा विझवून तासाभराने तशाच वातीने, तशाच तेलाने पुन्हा लावला, तर प्रकाश तसाच पडेल, पण त्याला 'रात्रभर तेवलेला' म्हणता येणार नाही. म्हणजे घर आणि कचेरी यांखेरीज एक तिसरा न्यायही आहे. तो परंपरेचा न्याय. परंपरेत प्रत्येक व्यक्ती अद्वितीय असते आणि तरीही प्रत्येकीच्या जागी दुसरी यावीच लागते. तेथे 'तीच' टिकते ती 'तशी'च्या साखळीने. अट एवढीच की साखळीचा दुवा निखळू नये.

ही गोष्ट टोपीपुरती असती, तर मंडळाच्या पत्रिकेची एवढी पाने आम्ही अडवली नसती. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घरांपुढे हाच प्रश्न भाषेच्या रूपाने उभा आहे. आपली मराठी पुण्याच्या मराठीसारखी नाही. तिच्यात हिंदी मिसळली आहे, क्रियापदे कधी वाकडी पडतात, नातवंडे तर वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतात. पुण्याहून येणारे पाहुणे कधी मिष्किलपणे हसतात. मग ही 'तीच' मराठी आहे काय? आमचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. फळ्या बदलल्या आहेत, जहाज तेच आहे. कारण आजीने आईला आणि आईने आपल्याला ह्याच भाषेत जेवायला हाक मारली, मध्ये खंड पडला नाही.

धोका आहे तो दुसरीकडे. भाषा अशुद्ध झाल्याने मरत नाही; ती 'वेशभूषा' ह्या सदरात गेली म्हणजे मरते. गणेशोत्सवात नांदी म्हणावी, गुढीपाडव्याला नऊवारी नेसून छायाचित्र काढावे, आणि उरलेले तीनशे साठ दिवस घरात मराठी शब्द निघू नये, असे झाले की समजावे, वस्तू शाबूत आहे, जीव गेला. त्या दिवशी आपली मराठी अगदी शुद्धही असेल, घोटून पाठ केलेली असेल, आणि तरीही ती 'तशीच' असेल, 'तीच' नसेल. पाठांतरातील निर्दोष मराठीपेक्षा भाजीचा हिशेब करताना बोललेली मोडकी मराठी आम्हांस अधिक मोलाची वाटते.

तेव्हा आरंभीच्या दोन प्रश्नांना आमचे उत्तर असे. झिजलेल्या प्रिय वस्तूच्या जागी दुसरी आणण्यात अनुचित काही नाही. आधीची कधी नव्हतीच अशा रीतीने आणण्यात मात्र आहे. जुनीविषयी आपले कर्तव्य स्मरणाचे: ती कोणी घडवली, कोणी मापली, कोणाच्या सहवासात वापरली, हे पुढच्यांना सांगण्याचे. तिला काचेच्या पेटीत ठेवून पूजा करणे हे स्मरण नव्हे. नवीविषयी आपले कर्तव्य वापराचे. ती सणापुरती राखून ठेवू नये, रोज वापरावी, तिला घाम लागू द्यावा, तिची घडी आपल्या डोक्यावर बसू द्यावी. दोन कर्तव्यांपैकी पहिले सोपे आणि सुखाचे आहे, म्हणून बहुतेक सर्व समारंभ त्याचेच होतात. दुसरे रोजचे आहे, कंटाळवाणे आहे, त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. परंतु 'तशी'ची 'ती' होते ती ह्या दुसऱ्या कर्तव्यानेच.

वस्तू, वेश, भाषा, नाती ह्यांपैकी काहीही आपल्याला कायमचे मिळालेले नाही. जे मिळाले ते कोणाच्या तरी हातून मिळाले, आणि कोणाच्या तरी हाती द्यायचे आहे. देताना हात रिकामा असू नये, आणि घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे माहीत असावे, एवढी काळजी घेतली तर पुढच्या पिढीतील कोणी मराठी माणूस आपल्या घरातील एखाद्या गोष्टीकडे बोट दाखवून 'तीच ही' असे म्हणू शकेल. त्या वेळी तिचे सूत कदाचित एकही जुने नसेल. तरीही त्याचे म्हणणे खरे असेल.